ब्राझीलला न गेलेल्या बिरूस गावात हजर समजणेबाबत

प्रति,
मेहेरबान जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हा कचेरी, परभणी.

अर्जदार : बिरू सटवाजी, धंदा मेंढरे राखणे, राहणार मौजे करंजटाकळी, जिल्हा परभणी.

विषय : अर्जदार दक्षिण अमेरिकेस गेलेला नसून गावातच आहे, असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : तालुक्याच्या कचेरीने अर्जदारास समक्ष दिलेले उत्तर की, अर्जदार येथे नाही.

महोदय,

अर्जदारास लिहिता येत नाही. त्याने सांगितले तसे उतरवून सादर करण्यात येते की,

१. गावचे जमीनदार किशनराव यांचे दोन लाल वळू गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ब्राझील देशाच्या एका व्यापाऱ्याने विकत घेतले. वळू लय मारके. अर्जदाराने ते वासरापासून वाढवले असल्याने दुसऱ्या कोणाच्या हातची वैरण ते खात नसत. म्हणून व्यापाऱ्याच्या दलालाने किशनरावांच्या ओसरीवर चारचौघांदेखत ठरवले की, बोटीवर वळूंसोबत अर्जदाराने जावे व वळू तिकडे रुळले की परत यावे. अर्जदार हो म्हणाला. मेंढक्यालाही जग पाहावेसे वाटते. त्यात गुन्हा काय झाला, हे त्याला आजवर कळलेले नाही.

२. तयारीत त्याने कसूर केली नाही. बोट हलते व जनावर बिथरते, असे दलालाने सांगितले होते. तेव्हा अर्जदाराने रिकाम्या पिंपांवर फळ्या बांधल्या, तो तराफा दुधना नदीच्या डोहात सोडला आणि वळूंना पाळीपाळीने त्यावर उभे करून डोलवले. सुरुवातीला वळूने त्यालाच पाण्यात लोटले व सारा गाव काठावर हसत बसला. पोळ्यापर्यंत मात्र दोन्ही वळू तराफ्यावर उभ्याउभ्या रवंथ करू लागले. पत्नी भिवराबाई हिने वाळवलेली भाकर, भाजक्या ज्वारीचे पीठ व तिखट बांधून ठेवले. आपल्याकडे उन्हाळा तेव्हा तिकडे हिवाळा, असे शाळेच्या मास्तरांनी सांगितल्यावरून नवी घोंगडी विणून घेतली. परभणीस जाऊन टोचून घेतले, त्याने दंड सुजून ताप भरला. सेलूस फोटोवाल्याने पटका उतरवायला लावला. बापाच्या मयतीखेरीज अर्जदाराने लोकांसमोर डोके उघडे केलेले नव्हते. तेही केले.

३. अर्जदाराच्या लोकांत अशी रीत आहे की, एका हंगामापेक्षा लांब जाणाऱ्याने कळप आपल्या नावावर ठेवून निघू नये. मागे जीव अडकतो. म्हणून त्याने बिरोबापुढे भंडारा उधळून सगळी मेंढरे धाकटा भाऊ मुंजाजी याच्या हवाली केली आणि प्रत्येक मेंढराच्या कानावर आपल्या खुणेशेजारी मुंजाजीची खूण स्वतःच्या हाताने कापली. शेवटची खूण ज्याची, मेंढरू त्याचे. कापलेला कान पुन्हा शिवता येत नाही. बोटीत पाय पडेपर्यंत थांबायला पाहिजे होते, ही अर्जदाराची चूक. ती त्याला मान्य आहे.

४. पासपोर्टाचा कागद हैद्राबादेस गेला होता. तो तेथे असतानाच आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. हैद्राबादचे म्हणणे, हा माणूस आता आमचा नाही. मुंबईचे म्हणणे, हा माणूस अजून आमच्याकडे आलेला नाही. अशा रीतीने परभणी जिल्हा बसल्या जागी दुसऱ्या राज्यात जाऊन पोचला व अर्जदार मधेच राहिला.

५. दिवाळीनंतर पिंगळी स्टेशनवर वळू डब्यात चढवले. अर्जदार गाठोडे घेऊन हजर होता. त्याला सांगण्यात आले की पासपोर्ट आला की मागून ये. सोबत बन्सीधर नावाचा इसम गेला. तो एका कारकुनाचा मेहुणा, त्याचा पासपोर्ट बरा आधीच तयार होता. हा इसम शिंगाला बिचकून डब्याच्या दारातच बसून होता, हे अर्जदाराने डोळ्यांनी पाहिले. पुढे वळूंनी वैरण खाल्ली की नाही, हे कोणी कळवले नाही. विचारायला गेले तर सगळे हसतात.

६. अर्जदार गावी परतला. मुंजाजी वाईट नाही. पण तो म्हणतो, ‘दादा, कान तूच कापलेस, आता देवापुढं उलटं कसं करू?’ पंच म्हणाले, तू गेला नाहीस असे सरकारने लिहून द्यावे, म्हणजे देवालाही सांगता येईल. म्हणून अर्जदार तालुक्यास गेला. तेथे कळले की वळूंसोबत जाणाऱ्याच्या कागदावर त्याचेच नाव राहिल्याने त्याच्या नावचा चराईचा परवाना ‘परदेशी गेल्यामुळे’ रद्द झालेला आहे. कारकून म्हणाले, ‘तुमी ब्राझीलला हाव. इथं कसे आलाव?’ परत आल्याची नोंद पासपोर्टावरचा शिक्का पाहून होते. अर्जदाराकडे पासपोर्ट नाही, कारण तो गेलाच नाही. हे त्याने चार वेळा सांगितले. कारकुनांनी चारही वेळा मान डोलावली व पुढच्या माणसाला हाक मारली.

७. मागील महिन्यात परवाना नाही म्हणून कळप कोंडवाड्यात घालायला माणसे आली. परवाना मुंजाजीच्या नावे व्हायला बिरू देशाबाहेर असल्याचा घरच्या माणसाचा जबाब पाहिजे होता. मेंढरे आठ दिवस कोंडली असती तर मेली असती. सबब भिवराबाईने ‘माझा नवरा ब्राझीलला आहे’ या जबाबावर अंगठा दिला. शाईची डबी अर्जदाराने धरली होती. लिहून घेणाऱ्याने डबी त्याच्याच हातून परत घेतली व तो निघून गेला.

८. तरी विनंती की, जहाज नको, वळू सांभाळल्याचा मोबदला नको. अर्जदार गावात आहे एवढे एका ओळीत लिहून द्यावे. भिवराबाईचा जबाब खोटा आहे, पण त्यासाठी तिला त्रास देऊ नये. शिक्षा करणे भागच असेल तर अर्जदारास करावी. त्याला धरायला शिपाई पाठवावा. शिपाई आला म्हणजे अर्जदार घरी सापडला, असे निदान पंचनाम्यात तरी लिहावे लागेल.

हुकुमाची वाट पाहत घरीच असलेला,

बिरू सटवाजी
(डाव्या अंगठ्याची निशाणी)

हस्ते : चंद्रभान, अर्जनवीस, परभणी
तारीख २२ जून १९५७