मावशीच्या बोटांचं माप

३ मार्च, सोमवार
मावशीची नजर जवळजवळ गेलीच. मावसबहीण म्हणते, महिनाअखेर आईला स्वतःच्या घरी नेणार. मावशी म्हणते, घर सोडणार नाही. मधल्या मधे मी शब्द देऊन बसले — तिच्या फोनवर मदतीचं बटण करून देते. मोबाइलचंच तर काम करते मी! तिने दाबलं की मला निरोप. मी ‘निघाले’ कळवलं की तिचा फोन दोनदा हलकेच थरथरणार, वर एक नाजूक टिंग. ऑफिसात सगळ्यांनी वाहवा केली.

६ मार्च
तोंडघशी पडले. सकाळी लागोपाठ अकरा निरोप! ‘निघाले’ कळवून धापा टाकत पोचले, तर बाईसाहेब शिलाई मशीनपाशी निवांत. “करून बघत होते. तुझा फोन मुका आहे गं.”

मुका नव्हता. चाळीस वर्षं कपडे शिवून तिच्या बोटांची टोकं निबर झालीत, आणि वयामुळे बारीक आवाज नीट ऐकू येत नाहीत. थरथर मी माझ्या मऊ बोटांवर तपासली होती, टिंग माझ्या कानांनी.

“माप गिऱ्हाइकाचं घ्यायचं असतं,” एवढंच म्हणाली.

७ मार्च
फोन मनगटाला लावला की थरथर कळते. शोध तिचाच.

९ मार्च, रविवार
दिवसभर तिच्याकडे. नऊ आवाज ऐकवले, आठ नापास. “हा डास. हा रडका.” नववा खर्जातला — “हा जाड आहे, ठेव.” थरथरही बदलून घेतली: एक लांब, दोन आखूड. मधेच मशीन थांबवून म्हणाली, दोरा सैल झालाय. नुसत्या आवाजावरून! मी पदवी घेऊन जे शिकले ते हिला कधीचं येतंय. फार अभिमान वाटला. थोडी लाजही.

११ मार्च
बहीण तिकडे खोली रंगवून घेतेय. “बटणाच्या भरवशावर आईला एकटी ठेवू?”

१४ मार्च
सकाळी अकरा वाजता निरोप. एकच. ‘निघाले’ कळवलं आणि धावले. दार सताड उघडं, मावशी घरात नाही! हाका मारत बाहेर आले.

समोरच्या घरात सापडली. म्हातारी शेजारीण न्हाणीघरात पडलेली, तिचं डोकं मावशीच्या मांडीवर, फोन मनगटाला लावलेला. “पडल्याचा आवाज आला, चाचपडत आले. तू निघालीस ते कळलं, मग हिला म्हटलं, घाबरू नकोस.”

१५ मार्च
शेजारीण बरी आहे. बहिणीचा फोन आला — शेजारणीलाही बटण करून दे. निरोप आईकडेच जाऊ दे.