खाली सरकणारी पट्टी

१० नोव्हेंबर
विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेतून घरी पाठवलं! आठ दिवस. "डोकं ताळ्यावर आण, मग ये. परत हेच केलंस तर नाव कापीन" – असं सर म्हणाले, सगळ्यांसमोर!

चूक एकच. उतरताना स्क्रीनवरची वेगाच्या आकड्यांची पट्टी भराभर खाली सरकायला लागली. मला वाटलं, वेग पडतोय. म्हणून विमानाचं नाक खाली दाबलं. पट्टी आणखी सरकली. मी आणखी दाबलं! वेग पडत नव्हताच, वाढत होता. सरांनी विमान हातात घेतलं. "पट्टीच्या मधोमध आत्ताच्या वेगाचा आकडा असतो, तो दिसत नाही? कुठून येतात कोण जाणे!"

मुरबाडहून येतात, सर.

११ नोव्हेंबर
बाबा दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होते, "पोरीला सुट्टी हाय." मी आतून ओरडले, "सुट्टी नाय, हाकललंय!" ब्लाउज शिवून घ्यायला आलेली बाई कापड घेऊन परत गेली. बाबा दिवसभर खडखडा शिलाई मशीन चालवत राहिले. चालवा!

१३ नोव्हेंबर
माझ्या सरावासाठी शीतल वहिनीने पुठ्ठ्याच्या खोक्याला खिडकी कापली आणि मागून मापाची टेप सरकवत बसली. मी सांगायचं – वाढला की घटला. टेप खाली आली की मी ओरडायचे, "घटला!" आणि दर वेळी बरोबर! मग विमानातच का चुकते? रागाने खोकं भिरकावलं.

वहिनी पण भडकली. "माज्यावर कशाला वराडतेस गो? इमानात मोठा आकडा वर असतो का खाली, ते तरी सांग!"

मी टेप हातात घेतली.

लहानपणापासून या दुकानात मापं घेतेय. टेपवरचा एकचा आकडा खांद्यावर, मोठे आकडे खाली. अशी टेप खाली ओढली की खिडकीत लहान आकडा येतो. विमानात उलटं आहे. मोठे आकडे वर. पट्टी खाली आली म्हणजे वेग वाढला. मला हे पाठ होतं, पण घाईत डोळे शिंप्याचेच राहिले.

सरांनी एकदा तरी विचारायचं – तुला तसं का वाटलं? एवढंच! ओरडायला बरा वेळ मिळतो. नुसता संताप होतोय.

१४ नोव्हेंबर
टेप उलटी लावली. वहिनी स्वयंपाक टाकून बसली होती. आई करवादली, पण भाकऱ्या तिनेच थापल्या. दुपारनंतर एकदाही चुकले नाही.

१७ नोव्हेंबर
निघाले. बाबांनी बॅग एसटीत चढवली. "भांडू नको कोनाशी." भांडणार!

१८ नोव्हेंबर
सर शेजारी. एकदाही विमान हातात घेतलं नाही. मी दात आवळून पट्टी बघत होते. तिसऱ्यांदा उतरल्यावर त्यांनी पट्टा सोडला, दार उघडलं. मला वाटलं, संपलं. ते खाली उतरले. म्हणाले, "आता एकटी जा."

मी पहिल्यांदाच एकटीने विमान वर नेलं. वरून सर मैदानाच्या कडेला एवढेसे दिसत होते. इतके दिवस ज्यांना शिव्या घातल्या, तेच मला त्या क्षणी शेजारी हवे होते.