जशी आहे तशी आणा

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या भावाचा नमस्कार. वाकून केला असं समज. खरं तर कंबर धरली आहे (दिवसभर शिकाऊ ड्रायव्हरांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणाऱ्याची कंबर आणखी काय करणार), त्यामुळे मनातल्या मनात वाकलो. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून आवाज येतो का? मागे मी म्हणालो होतो की गाडी असती तर वंगण घालून दिलं असतं, तेव्हा तू फोन आपटला होतास. राग गेला असेल असं धरून चालतो. इकडे सर्व ठीक आहे.

पत्र कशाला, फोन होता की, असं तू म्हणशीलच. पण अक्का, फोनवर तू 'नाही' फार पटकन म्हणतेस. पत्राला 'नाही' म्हणायचं तर निदान ते शेवटपर्यंत वाचावं लागतं.

विषय तुला आवडणारा नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. आमच्या भिंगरीला त्या मुलांच्या मानसिक आरोग्याच्या केंद्रात प्रत्यक्ष घेऊन जायचं आहे. हो, तेच, ज्याचं नाव काढल्यावर तू म्हणाली होतीस की पोरीच्या कपाळावर कायमचा शिक्का बसेल आणि त्या दारात मी मेले तरी पाऊल टाकणार नाही. आतापर्यंत सगळं फोनवर चाललं होतं. तिथल्या डॉक्टरबाई भिंगरीला प्रश्न विचारायच्या आणि तिनं तोंड उघडायच्या आत माझं उत्तर पोचलेलं असायचं. झोप लागते का, लागते. भूक लागते का, लागते. यात माझा दोष नाही, धंद्याचा आहे. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. चालवणाऱ्यानं चूक करायच्या आत मी तो दाबायचा, याचंच तर मी खातो. शेवटी बाई कंटाळून म्हणाल्या, आता समोरासमोर भेटू या. मी विचारलं, तयारी काय करू? त्या म्हणाल्या, विशेष काही नको. तिच्या आवडीची एखादी वस्तू बरोबर घ्या, तिथे काय होणार ते तिला आधी खरं खरं सांगा, आणि ती जशी आहे तशी आणा.

जशी आहे तशी! अक्का, आपल्या घराण्यात कुणी कुणाला जसं आहे तसं कुठे नेलं आहे का? मला केस कापायला नेतानासुद्धा तू आधी माझे केस विंचरायचीस.

ती कशी आहे ते तुला पुरतं ठाऊक नाही. सुट्टीत तुझ्याकडे होती तेव्हा डावी भुवई अर्धी तरी शिल्लक होती. आता दोन्ही नाहीत, आणि पापण्यांचंही काही खरं नाही. बसल्या बसल्या हात वर जातो, चिमटीत केस येतो, उपटते. आपला हात कधी वर गेला ते तिचं तिलाही कळत नाही. शाळेत जाणं बंद आहे. पायाला चाकं लावल्यासारखी घरभर फिरायची म्हणून आपण जिला भिंगरी म्हणायला लागलो, ती पोर आता खिडकीकडे पाठ करून एका खुर्चीवर बसते. आणि घर तरी कसलं! पुढच्या खोलीत तिच्या आईचं पार्लर. आख्ख्या वस्तीतल्या बायका भुवया कोरून घ्यायला आमच्याकडे येतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे येऊन बघावा. परवा एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, मुलीवर हात साफ करून घेतलात वाटतं? हिनं त्या बाईची एक भुवई दुसरीपेक्षा चांगली निम्मी बारीक करून पाठवली. मी समर्थन करत नाही, पण त्या संध्याकाळी मी हिच्यासाठी चहा केला.

तयारीला सुरुवात हिनंच केली. चारचौघांत जायचं तर चेहरा नीट दिसायला हवा, म्हणून तिनं पेन्सिलीनं भिंगरीच्या भुवया काढून बघितल्या. हात थरथरत होता (हिचा), त्यामुळे एक भुवई वर गेली, आणि पोर दिवसभर कसल्यातरी गोष्टीचं आश्चर्य वाटल्यासारखी घरात वावरत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढल्या, तर ती रागावलेली दिसायला लागली. मी म्हणालो, अगं, भुवया नाहीत म्हणून तर नेतोय, त्या काढून नेल्या तर बाई बघणार काय? ही म्हणाली, आणि काढल्या नाहीत तर रस्त्यात लोक बघणार काय? दोघांचंही बरोबर होतं, म्हणून बराच वेळ भांडलो. भिंगरी मध्येच उठली आणि तोंड धुऊन आली.

मग मी माझ्या पद्धतीची तयारी हातात घेतली. परीक्षेआधी शिकाऊ माणसाला मी परीक्षेचा रस्ता दाखवून आणतो, तसा हा रस्ता आधी बघून ठेवावा म्हटलं. त्या दिवशी गाडीवर माझा सगळ्यात भित्रा विद्यार्थी होता, एक दातांचा डॉक्टर. (लोकांच्या जबड्यात बिनदिक्कत पक्कड घालणारा हा गृहस्थ सायकल आडवी आली की डोळे मिटून घेतो.) त्याला काहीच न सांगता डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या करत मी केंद्राच्या रस्त्याला नेलं. आणि नेमकी फाटकासमोर त्यानं गाडी बंद पाडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. वॉचमन धावत आला, त्यानं फाटक सताड उघडलं आणि आम्हा दोघांकडे अशा काही मायेनं बघितलं की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी घाईघाईनं म्हणालो, काही नाही, चढावर गाडी उचलायचा सराव चाललाय. (तिथे चढ नाही.) वॉचमन दातांच्या डॉक्टरला म्हणाला, आज तुमचा वार नाही ना? तेव्हा कळलं की या माणसाचा मुलगा दर आठवड्याला तिथे येतो. इतके दिवस माझ्या शेजारी बसतो, सगळ्या जगाच्या दाढांबद्दल बोलला, याबद्दल अवाक्षर नाही. मीही कुठे बोललो होतो म्हणा. गाडी बाजूला घेऊन आम्ही बसलो. त्यानं सांगितलं की आत माशांची टाकी आहे, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं आहेत, आणि बाहेरच्या बाकावर आईबाप बसतात ते एकमेकांकडे न बघता. तुम्ही त्या बाकावर बसायची तयारी करा, म्हणाला, तीच अवघड आहे. मला राग आला. ज्याला क्लच सोडता येत नाही त्यानं मला शिकवावं?

घरी येऊन मी जाहीर केलं की आता सराव परीक्षा. काल संध्याकाळी हिचा पार्लरमधला पांढरा कोट घातला, टेबलामागे बसलो आणि भिंगरीला समोर बसवलं. उत्तरं मी तिला आठवडाभर घोटून घेतली होती. भुवया का उपटतेस? सवय आहे, सुटेल. घरी कसं वाटतं? छान वाटतं. शाळेत का जात नाहीस? आता जाणार आहे. एकदम खणखणीत. ही उत्तरं दिली की बाई म्हणणार, अहो, हिला काहीच झालेलं नाही, घेऊन जा घरी! अक्का, मला तेच ऐकायचं होतं. आजारी पोरीला डॉक्टरकडे न्यायचं आणि तिनं पास व्हायचं, असा तो सगळा बेत होता. माझी ही तयारी बघून ही म्हणाली, तुम्हाला वेड लागलंय, आणि तो शब्द तोंडातून निघताच तिनं स्वतःच जीभ चावली.

मी घसा खाकरून, बाईंचा आवाज काढून विचारलं, काय गं बाळ, कसं वाटतं तुला? पोर हसली. किती दिवसांनी, ते विचारू नकोस. मग म्हणाली, डॉक्टर, आधी बाबांना बाहेर पाठवा, मग सांगते.

आता मी काय करावं? मी कोटातच होतो. मी डॉक्टरच्या आवाजात म्हणालो, अहो बाबा, जरा बाहेर बसा. आणि उठलो, बाहेर गेलो, दार ओढून घेतलं. डॉक्टरही माझ्याबरोबर बाहेर आला हे माझ्या लक्षात दाराबाहेर आल्यावर आलं. आत फक्त भिंगरी आणि रिकामी खुर्ची. तर ती बोलायला लागली! त्या खुर्चीशी. मी कानावर हात ठेवले, पण बाप माणूस, बोटांच्या फटी राहिल्याच. ती म्हणत होती की बाबा रोज सकाळी मला दिव्याखाली नेऊन गाडीच्या काचा तपासतात तसा माझा चेहरा तपासतात, आणि ते तपासतात म्हणून रात्री माझा हात जास्त जातो. आई पार्लरमध्ये नळ सोडून रडते. आणि मग अगदी शांतपणे, पाढा म्हणावा तशी म्हणाली की मी नसते तर आईबाबा नीट जेवले असते, नीट झोपले असते, असं मला रोज वाटतं.

अक्का, माझा पाय जमिनीवर दाबला गेला. नेहमीसारखा. आणि खाली काहीच नव्हतं.

मी आत गेलो. ऐकलं असं म्हणालो नाही. कोट काढला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिलो. मग हिला तिच्याजवळ बसवून मी जिन्यात गेलो आणि केंद्रात फोन लावला. बाईंना मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं, एकही उत्तर न सजवता. त्यांनी पुढच्या आठवड्यातली भेट उद्या सकाळवर आणली. तोवर तिला एकटी ठेवू नका म्हणाल्या, आणि तिच्याशी थोडं बोलू द्या, तुम्ही नका थांबू. मी फोन भिंगरीच्या हातात दिला आणि खाली जाऊन बंद गाडीत बसलो. (चालवणाऱ्याच्या जागेवर नाही, सवयीनं माझ्याच जागेवर.) बोलणं झाल्यावर बाईंनी मला फोनवर सांगितलं की भेटीत तुमची मुलगी स्वतः बोलणार आहे, आणि खोलीत कोण सोबत हवं ते तिनं ठरवलं आहे.

सरावाची उत्तरं मी रद्द केली आहेत. पेन्सिल हिनं केराच्या टोपलीत टाकली. आज सकाळी दिव्याखाली कुणी कुणाला नेलं नाही. आवडीची वस्तू म्हणून भिंगरीनं काय घेतलं आहे ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, यावरून माझी प्रगती ओळख. आता पुरे करतो. गुडघ्यांना जप.

तुझा, तूच वाढवलेला आणि तुझ्यामुळेच असा झालेला,
धाकटा

ता. क. हे पत्र घेऊन आलेला गृहस्थ तोच दातांचा डॉक्टर. आठवड्यातून एकदा तो तुझ्या गावातल्या दवाखान्यात बसतो. तू हे वाचते आहेस तेव्हा दारात उभा असेल, त्याला आत घे, पाणी दे. तो संध्याकाळी परत निघतो. त्याच्याबरोबर ये. (बसनं येतो, गाडी चालवत नाही, घाबरू नकोस.)

ता. क. २. खोलीत भिंगरीला तू हवी आहेस. आई रडते, बाबा उत्तर देतात, आणि सुट्टीत आत्यानं मला मटार सोलायला बसवलं आणि काही विचारलं नाही, असं ती बाईंना म्हणाली. अक्का, दूधवाल्याच्या जावयाबद्दलसुद्धा ज्या तुला मत असतं, ती तू त्या दिवशी गप्प बसलीस. ते तुला कसं जमलं ते मला येताना सांग. त्या दारात पाऊल न टाकण्याची शपथ तू माझ्याजवळ घेतली होतीस, तर मी तुला त्यातून मोकळी केली.

ता. क. ३. वर 'इकडे सर्व ठीक आहे' असं लिहिलं आहे. ते सवयीनं. खोडणार होतो, पण खाडाखोड तुला चालत नाही. वाचताना ते गाळ.

ता. क. ४. भिंगरी आत्ता शेजारी येऊन विचारून गेली, आत्या येईल का? मी उत्तर दिलं नाही. ती वाट बघते आहे.