नकाशात न आलेले ओटे

सर, गेल्या महिन्यात पुण्याहून तीन मुलं संगमनेरला माझ्या घरी आली होती. एक मुलगी वास्तुकलेची, एक मुलगा समाजशास्त्राचा, एक अर्थशास्त्राचा. नगरच्या जुन्या बाजारपेठेचा अभ्यास करताहेत, आणि आपल्या कॉलेजच्या कुठल्याशा कपाटात त्यांना आपला नकाशा सापडला. खाली तुमची सही, तिच्याखाली बारीक अक्षरात माझं नाव. त्यावरून शोधत आली. नकाशाची त्यांनी फार स्तुती केली. मग त्या मुलीने टेबलावर त्याची प्रत पसरली आणि विचारलं, "सर, बाकी सगळ्या गल्ल्यांत दुकानांपुढे तुटक रेघा आहेत. ह्या एकाच गल्लीत नाहीत. इथे ओटे नव्हते का?" मी चहाचं बघतो म्हणून आत गेलो. चहा बायकोने केव्हाच ठेवला होता.

तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होत आली. तुम्ही तेव्हा ज्या वयाचे होता, त्या वयाला मी आता टेकलो आहे. तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी ओट्यावर चढायला बिचकणारा तो कोपरगावकडचा मुलगाच होतो. पहिलाच दिवस आठवतो. आपण चौघं पेठेत शिरलो आहोत. पुढे तुम्ही, मागे इतिहासाची ती संगमनेरची मुलगी वही घेऊन, श्रीरामपूरचा कॉमर्सवाला, आणि खांद्यावर मोजणीची साखळी घेतलेला मी भूगोलाचा. तिने माणसांशी बोलायचं, त्याने कुठला धंदा कधीपासून ते टिपायचं, मी मोजून कागदावर काढायचं. असं तीन विषयांच्या मुलांना एका कामाला जुंपणं तेव्हा कुणालाच पटलं नव्हतं. "इतिहासवाल्यांना मेलेली माणसं हवीत, आम्हाला जिवंत गिऱ्हाईक," असं तो कॉमर्सवाला म्हणायचा, आणि ती म्हणायची, "तुझं गिऱ्हाईकही एक दिवस माझ्याकडेच येणार आहे."

बांगडीवाली चाची त्या दिवशीच भेटली. कापडाच्या मोठ्या दुकानापुढचा दगडी ओटा, त्यावर तरटाची बैठक, मागे भिंतीला टेकवलेल्या काचेच्या बांगड्यांच्या माळा. लग्नाचं कापड आत घ्यायचं आणि बाहेर येऊन नवरीने चाचीकडून चुडा भरून घ्यायचा, अशी त्या दुकानाची रीत. दुकानदाराच्या आज्याने चाचीच्या आजेसासऱ्याला ही जागा तोंडी दिलेली. मी साखळी टाकली आणि विचारलं, "जागेचा कागद आहे का?" चाचीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कागद? तुज्या आईच्या हातात चुडा भरला तवा कागद केला हुता का रं?" अख्खी गल्ली हसली. मी म्हटलं, "कागद नसेल तर नकाशात कसं दाखवायचं?" तेव्हा तुम्ही मला सगळ्यांसमोर बोललात. "तू काय तलाठी आहेस? कागद असेल तिथे सलग रेघ काढ. नुसता शब्द असेल तिथे तुटक रेघ काढ. पण काढ. ही पेठ शब्दावर चाललेली आहे. ते गाळलंस तर उरतील नुसत्या भिंती." मला राग आला होता. पण मी कागदावर पेन्सिलने ओट्याच्या कडेने तुटक रेघ काढली. चाची वाकून बघत होती. तिने बोट ठेवून विचारलं, "ही माजी?" मी म्हटलं, "हो." म्हणाली, "लई बारीक काढलीस."

दुष्काळाची वर्षं ती. वसतिगृहाची खानावळ पाण्यावाचून बंद पडली आणि आम्ही तिघं तुमच्या स्वयंपाकघरात जेवायला लागलो. काकू रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापतात, ती तव्यावरच तडकते, आणि त्या तुकडे आमच्या ताटात सरकवत म्हणतात, "पोटात गेल्यावर जुळतील." तुम्ही जेवताना तिघांच्या वह्या मागून घेता आणि एकीत काय आहे ते दुसरीत आहे का ते पाहता. बाजार तेव्हा सुकत चालला होता. लग्नं पुढे ढकलली जात होती. कॉमर्सवाल्याने चाचीला विचारलं, "धंदा कसा काय?" ती म्हणाली, "खडी फोडनाऱ्या बायांच्या हातात काच टिकती का? एक घाव घातला की चार फुटत्यात. त्या आता भरतच न्हाईत."

नकाशा पक्का करायचं काम माझं होतं. ट्रेसिंगचं कापड, काळी शाई. कॉलेजातल्या प्रदर्शनाला दोन दिवस उरले होते आणि चाचीची गल्ली शेवटची राहिली होती. तुटक रेघेला फार वेळ लागतो. प्रत्येक तुकड्याला पेनचं टोक उचलायचं, पुन्हा टेकवायचं. टोक खराब झालं होतं, शाई फुगत होती. दोन ओट्यांवर डाग पडले, ते मी ब्लेडने खरवडले. मग त्या गल्लीतले अकराही ओटे मी सोडून दिले. प्रदर्शन झालं की घालू, असं ठरवलं. पण हे अर्धंच खरं आहे, सर. रेघांशिवाय ती गल्ली फार स्वच्छ दिसत होती. नकाशा देखणा झाला होता आणि मला तो तसाच आवडला. तुम्ही चष्मा कपाळावर घेऊन वरच्या दोन गल्ल्या बारकाईने पाहिल्यात, तिथे तुटक रेघा होत्या. "छान," म्हणालात आणि सही केलीत. दुसऱ्या दिवशी तुमची स्वतःची ड्रॉइंगची पेटी मला दिलीत. प्रदर्शन झालं. रेघा मी घातल्या नाहीत.

पुढे पाण्याचे टँकर त्या गल्लीत शिरेनात, म्हणून नगरपालिकेने रस्ता मोकळा करायचं ठरवलं. जुने ओटे शक्य तिथे ठेवायचे, नवं अतिक्रमण काढायचं. जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे ठरवायला काहीतरी हवं होतं. तुम्ही आनंदाने आपला नकाशा दिलात. चाचीला जाऊन सांगितलंत, "घाबरू नका, तुमची रेघ आहे त्यात." मी तुमच्या शेजारी उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर एक तासाचं काम होतं.

नगरपालिकेचा ओव्हरसियर चुन्याच्या खुणा करायला आला त्या सकाळी त्याने नकाशा कापडवाल्याच्या गादीवर पसरला. कापडवाल्याचा मुलगा नुकताच गल्ल्यावर बसू लागला होता. तो म्हणाला, "पणजोबांचं पणजोबांबरोबर गेलं. मला काही ठाऊक नाही." तुम्ही नकाशावर वाकलात. किती वेळ पाहत होता. मग चष्मा काढून पुसलात आणि पुन्हा पाहिलंत. ओव्हरसियर हळू आवाजात बोलत होता, त्यालाही अवघड झालं होतं. "सर, तुमच्याच नकाशात गल्ली मोकळी आहे. म्हणजे ओटे नंतरचे."

"नंतरचे नाहीत. मी पाहिलेत. राहून गेलंय."

"तोंडी मी काय करू सर? सही तुमची आहे. परवा सकाळी माणसं येतील. तोवर काही कागद असेल तर दाखवा."

गल्लीच्या तोंडाशी येऊन तुम्ही मला विचारलंत, "तुझा पेन्सिलचा कागद कुठे आहे? त्यावर असतील ना ओटे?" तो माझ्या ट्रंकेत होता. अकराच्या अकरा रेघा त्यावर होत्या. मी म्हटलं, "नाही सर. त्यावरही नव्हते. ती गल्ली तुम्ही शेवटी तपासणार होता, ते राहिलं." हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते तोंडातून आलं तेव्हा मलाच त्याची सफाई जाणवली. तुम्ही मान हलवलीत. "हो, मी तपासायला हवं होतं," म्हणालात. त्या संध्याकाळी खोलीतल्या स्टोव्हवर मी तो कागद जाळला. त्या कागदाने काम थांबलं असतं का, हे मी कितीदा मांडून पाहिलं आहे. कदाचित थांबलं असतं, कदाचित नसतं. पण तो पुढे आला तर काम थांबेल आणि माझं खोटं उघडं पडेल, या भीतीनेच मी तो जाळला, एवढं नक्की.

ओटे पाडले त्या वेळी तुम्ही अर्ज घेऊन नगरपालिकेत साहेबांच्या दाराशी बसला होता. मी गल्लीत होतो. चाचीने माळा स्वतः उतरवल्या, टोपलीत भरल्या. पहारीचा पहिला घाव बसला तशी ती माझ्याकडे वळली. ओरडली नाही. "काढली हुतीस ना रं बाबा? म्या बोट ठिवलं हुतं." ती टोपली डोक्यावर घेऊन गेली. तिच्या मोहल्ल्यातल्या घरालाही पुढच्या महिन्यात कुलूप दिसलं.

तुम्ही पेठेचं काम तिथेच बंद केलंत. इतिहासाच्या मुलीने वह्या मागितल्या, तर म्हणालात, "लोकांनी विश्वासाने सांगितलेलं आपण सांभाळू शकलो नाही. आता विचारायला कुठल्या तोंडाने जायचं?" "चूक माझी," असं तुम्ही लेखी दिलंत, विभागाच्या बैठकीत सांगितलंत, काकूंनाही सांगितलंत. एकदा त्या भाकरी वाढता वाढता मला म्हणाल्या, "हे झोपत नाहीत रे. एवढं काय झालं?" मी भाकरीचा तुकडा मोडला. आणि दर सोमवारी तुम्ही मला विचारायचात, "चाचीचा पत्ता लागला का? मला तिच्या समोर उभं राहून माफी मागायची आहे." शोधायचं काम तुम्ही माझ्यावरच सोपवलं होतं. मी शोधत असल्याचं सांगत राहिलो. दिवाळीनंतर तुमचं दुखणं वाढलं. शेवटच्या आठवड्यातसुद्धा, उशीला टेकून बसला होता तेव्हा, तेच विचारलंत.

त्या तीन मुलांना चहा दिल्यावर मी खरं सांगितलं. रेघा होत्या, मी गाळल्या, कागद मी जाळला, तुमचा काही दोष नव्हता. मुलीने सगळं लिहून घेतलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे आम्ही छापलं तर चालेल?" मी हो म्हटलं. तिने विचारलं, "आणि त्या बाई? त्यांचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, "कधीच कळलं नाही."

सर, मला कळलं होतं. उन्हाळ्यात मी एस.टी.ने घरी चाललो होतो. विळदचा घाट उतरल्यावर रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं, तिथे गाडी थांबवली. माझ्या खिडकीखाली, दोन हातांवर, बायका खडी फोडत होत्या. त्यात चाची होती. मनगटं उघडी, बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिने वर पाहिलं. मला ओळखलं की नुसतं उन्हाकडे पाहिलं, मला माहीत नाही, कारण मी खिडकीचा पत्रा खाली ओढला. गाडी बराच वेळ उभी होती. उतरलो असतो तर सोमवारी तिला तुमच्यासमोर आणता आलं असतं. पण तिने तुम्हाला पहिलंच वाक्य ते बोटाचं सांगितलं असतं. सोमवारी तुम्ही विचारलंत, आणि मी म्हटलं, "नाही सर, अजून नाही."

मी कॉलेजात असल्यापासून रोज डायरी लिहितो, तुम्हीच ती सवय लावलीत. आज ती वही काढून पाहिली. त्या तारखेखाली माझ्या अक्षरात एवढंच आहे: "एस.टी. उशिरा पोचली. ऊन फार." त्याच्याखाली आज एक ओळ घालावी म्हणून पेन उघडलं होतं. ते जमलं नाही, म्हणून हे तुम्हाला लिहीत बसलो.