छडीवाल्याचा समुद्र

४ डिसेंबर
शांता आजही बोलली नाही. उजवं अंग गेल्यापासून नुसती बघते. डॉक्टर म्हणाले, घरात ओळखीचं काही ऐकवत जा. समुद्राची रेकॉर्ड लावली. बासरी आली तशी तिची डावी बोटं गादीवर हलली. बरं वाटलं. मग भीती. उद्या नाही हलली तर?

५ डिसेंबर
हलली.
लाउडस्पीकरचा धंदा होता तेव्हा रेल्वेच्या एका साहेबांनी बदलीच्या वेळी दिलेली ही रेकॉर्ड. फ्रान्सचं संगीत, समुद्रावरचं. वाजवणारे ढीगभर, गाणारं कोणी नाही. कव्हरवर छडी उगारलेला माणूस, तोच सगळ्यांना चालवतो. शांता चिडवायची, "काऊन हो, ह्या छडीवाल्याची गाडी सुटून राह्यली काय?" नांदुऱ्याचीच ती, स्टेशनाजवळची. घाई म्हटली की तिला गाडीच आठवते. मी म्हणायचो, "मोठा मानूस हाय तो, त्याले समजते."

८ डिसेंबर
मुलगी शोभा जळगाव जामोदहून आली. कव्हर बघून मोबाइलवर तीच रेकॉर्ड शोधली. माणूस तोच, पण किती सावकाश! समुद्र आधी नुसता श्वास घेतो, मग उठतो. बासरीही खालच्या सुरात, मऊ.
"बाबा, तुमचं मशीन पळून राह्यलं."
"तुया मोबाइल बिघडला असन."
"हाव, मोबाइलच बिघडला." हसली.
जेवण गेलं नाही.

९ डिसेंबर
सापडलं. मोटरच्या दांड्यावर काळी चिकटपट्टी. माझ्याच हातची. खेड्यातल्या लग्नात मशीन बॅटरीवर रेंगाळायचं, गाणी रडकी व्हायची. म्हणून पट्टी गुंडाळून दांडा जाड करायचा, की तबकडी जोरात फिरते; आम्ही लाउडस्पीकरवाले सगळेच करायचो. घरी विजेवर ती तशीच राहिली.
म्हणजे आम्ही जन्मभर ऐकला तो छडीवाला नव्हेच.
काढू का? शोभा म्हणते, "आईचे बोटं ज्याच्यानं हालतात थेच राहू द्या." ती उद्या जाईल. त्या माणसाला उगाच घाईचा ठरवून मी कसा...

१० डिसेंबर
शोभा गेली. जुन्याच वेगात लावली. बोटं हलली, पण कमी. की मलाच तसं वाटलं?

१२ डिसेंबर
पट्टी ब्लेडने सोडवली. फेकली नाही, काडेपेटीत ठेवली.
संथ समुद्र खोलीभर पसरला. बासरी आली. बोटं हलली नाहीत. सुई उचलायला उठलो तर तिच्या घशातून आवाज. वाकून कान लावला.
"गाडी."
इतक्या दिवसांतला पहिला शब्द.
"काय वं? सुटली, का भेटली?"
डोळे मिटलेले. हात माझ्या हातात, गरम. पुन्हा विचारलं. समुद्र चालूच होता.
उद्या कुठल्या वेगात लावू? काडेपेटी उशाशी ठेवली आहे.