काळ्या काचेआडची

बाबा,

वेल्डिंगचं दुकान तुम्ही भाच्याच्या हाती दिलंत आणि मला म्हणालात, "पोरीने देवापुढे दिवा लावावा, तेवढा उजेड पुरे." मी तुमच्या नाकावर टिच्चून दुसरीकडे शिकले. पहिला जोड हातोडीच्या एका फटक्यात सुटला, तेव्हा काळ्या काचेच्या मास्कच्या आत रडले.

आज, दिवाळीच्या तोंडावर, शेवटची परीक्षा होती. परीक्षक साहेबांनी माझ्या जोडावर घण घातला. लोखंडी पट्टी वाकली, पण जोड सुटला नाही!

"कुणाकडे शिकलीस?" त्यांनी विचारलं.

तोंडून निघून गेलं, "बाबांकडे." मग घरी येईपर्यंत स्वतःवरच चरफडत होते.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. दिवसभर उजेडाकडे काळ्या काचेतून बघणारी मी, त्या एवढ्याशा ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी बघत बसले. दुकानाच्या दाराआडून तुमचं काम चोरून बघणारी मुलगी आठवली. म्हणजे मी खोटं बोलले नव्हते. राग कधी विझला, कळलंच नाही.

हे पत्र पाठवणार नाही; नाहीतर "मीच शिकवलं" म्हणत गल्लीभर मिरवाल. पण तुमचं खरं होतं, पोरीने देवापुढे दिवा लावावा. मी लावला, लोखंडाने काळ्या झालेल्या हातांनी, आणि तेवढा उजेड घरभर पुरला.

तुमचीच,
पास झालेली वेल्डर