समोरच्या प्लॉटवरचा रस्ता

२८ मार्च

आजचा खर्च — पाण्याचा टँकर ६००, तूरडाळ एक किलो १४०, कापूर २०. एकटीला टँकर परवडत नाही. पण गाव प्राधिकरणाच्या हद्दीत घेतले, पंचायतही आहे ती आहेच. नळाचे विचारले तर पंचायत म्हणते प्राधिकरणाकडे जा, प्राधिकरण म्हणते पंचायतीकडे. चाळीस प्लॉट अन् घर एकच — आमचे! बाकीचे प्लॉट घेऊन शहरात बसले. हे तिकडे परराज्यात, कोरब्याला प्लांटच्या कामावर, दिवाळीला येतील. आज दिवसभरात बोलणे झाले ते भाजीवाल्याशी, तेही "कोथिंबीर राहू दे" एवढेच.

३० मार्च, पाडवा

आज लोक आपापल्या प्लॉटवर नारळ फोडतात अन् अर्ध्या तासात निघून जातात. समोरच्या प्लॉटची प्रेमलता आली होती शहरातल्या महाल भागातून, नवऱ्याला घेऊन. तांब्याभर पाणी मागायला आली अन् चक्क बसली! "एकट्याच राहता? भेव नाही वाटत का वं ताई?" म्हटले, देव्हाऱ्यातला मारुती आहे नं. हसली. "यंदा बांधतोच आम्ही. मग रोज तुमच्या हातची पुरणपोळी!" नवरा म्हणतो, "रोज खाशीन तं दार मोठं ठेवा लागन!" किती महिन्यांनी तीन कप धुतले.

२ एप्रिल

घरपट्टी भरायला पंचायतीत गेले. ग्रामसेवकाच्या टेबलावर नवीन विकास आराखडा पसरलेला. म्हटले, आमचा लेआउट दाखवा. बोट ठेवून म्हणाले, "मोठा रस्ता या लायनीवरून जाते." टेबलासमोर उभी राहून नीट पाहिले. मधल्या गल्लीच्या डाव्या हाताची लाईन. शाळेत शिकलेले पक्के आठवते — नकाशात उजवीकडे पूर्व. आमचे घर पूर्वेला. म्हणजे डावीकडची समोरची. प्रेमलताची!

हरकत द्यायला ३० तारखेपर्यंत मुदत. बाहेर बोर्डावर लावले आहे म्हणतात. महालातून कोण येते वाचायला?

५ एप्रिल

तिचा फोन. "घराचा नकाशा काढायले दिला. दार तुमच्याच दाराकडे ठेवलं, ताई!" सांगायचे ओठावर आले होते. नाही सांगितले. सांगितले तर ती बांधणार नाही. अन् रस्ता व्हायला दहा वर्षे लागतात, तोवर शेजार तर मिळेल — असे मनात आले! माझ्याच मनात. संध्याकाळी मारुतीपुढे वात लावली अन् वर पाहवले नाही.

८ एप्रिल

कोणी आले नाही.

९ एप्रिल

फोन करून सांगून टाकले. ती म्हणाली, "काहून नाही सांगितलं इतके दिवस?" म्हटले, तुम्ही येणार नाही, म्हणून. तिने फोन ठेवला. बरोबरच केले तिने.

तरी देवाला म्हटले, खरे बोलायची किंमत म्हणून शेजारच घ्यायचा होता का रे?

१० एप्रिल

चहा एक कप. तोही गार झाला.

११ एप्रिल

दुपारी प्रेमलता दारात! पंचायतीतून सरळ इकडे. आत आली नाही, नुसता माझा हात धरला. "ताई, तो नकाशा साहेबाच्या खुर्चीकडून पाहा लागते. तुम्ही उलट्या बाजूनं पायला. आमचा प्लॉट सुटला. रस्ता तुमच्या घरावरून जाऊन राहिला वं."

घर यांच्या नावावर. हरकतीचा अर्ज लिहून यांच्या पत्त्यावर पोस्टात टाकला. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच लिहिले — फोनवर सांगवत नाही. समोर शेजार येतो आहे. सही करून उलट टपाली पाठवा.